जांभळीच्या टॉवरखालचा फोन

१

गणपती वेळीप जिथं मेलेला सापडला तिथं त्याचं काही काम नव्हतं. जिथं त्याचं काम होतं तिथं त्याचा नुसता फोन सापडला. दोन्हींच्या मधे अख्खा डोंगर. हे मला सांगितलं त्याच्या बायकोनं, बाळीनं, माझ्या खानावळीच्या मागच्या दारात उभं राहून. पुढच्या दारानं यायची तिला लाज वाटत होती, कारण तिच्या नवऱ्याच्या खुनाच्या संशयावरून पोलिसांनी तिच्याच भावाला उचललं होतं.

मी शांता पाटणेकर. हेड कॉन्स्टेबल म्हणून निवृत्त झाले, आता रामनगरात जेवण विकते. शांताक्काला नाक खुपसायची खोड आहे असं लोक म्हणतात. आहेच. जन्मभर पगार घेऊन खुपसलं, आता फुकट खुपसते.

गणपती आणि बाळीचा भाऊ धाकलू, दोघं बाजारकुणंग गावाकडचे. एका ठेकेदार कंपनीत लाइनगस्तीवर होते. जंगलातून विजेची मोठी लाइन जाते, तिच्या टॉवरांखालून रोज चालायचं, कुठं फांदी तारेला टेकलीय, कुठं टॉवरच्या पायाची माती खचलीय ते बघायचं. गस्त जोडीनंच करायची असा नियम. एक पडला तर दुसऱ्यानं खाली येऊन सांगावं म्हणून. प्रत्येकाजवळ कंपनीचा फोन, आणि तो फोन कुठून कुठं चालला ते ऑफिसातल्या नकाशावर उमटतं.

सोमवारी दोघं कामावर गेले. संध्याकाळी धाकलू एकटाच आला, "भावजी मागनं येतोय" म्हणाला. भावजी आलाच नाही. ऑफिसचा नकाशा सांगत होता की गणपती शेवटी वरच्या डोंगरावर, जांभळीच्या टॉवरपाशी होता. मंगळवारपासून सगळी वाडी तो डोंगर धुंडाळत होती. टॉवरखाली प्लास्टिकमधे गुंडाळलेला त्याचा फोन मिळाला, माणूस नाही. गुरुवारी अळंबी काढायला गेलेल्या एका बाईला डोंगराच्या पलीकडे, धरणाच्या बाजूच्या ओढ्यात तो दिसला. पाय मोडलेला. डॉक्टर म्हणाले, पडल्यावर हा चांगला दीड-दोन दिवस जिवंत असावा.

पोलिसांचं म्हणणं सरळ होतं. शेवटी सोबत होता धाकलू. आदल्या दिवशी दोघांचं अंगणात कडाक्याचं भांडण झालेलं. आणि धाकलू "जांभळीपाशी आमी येगळं झालो" यापलीकडं तोंड उघडत नव्हता.

"माझा घोव तर गेला, शांताक्का," बाळी म्हणाली. "भाऊ तरी मला परत दे. आईमागं त्याला मीच वाढवलंय. त्येनं मारलं न्हाई."

"तुला कसं माहीत?"

"मला म्हाईत न्हाई. पण दोन गोष्टी पोलिसांनी ऐकूनच घेतल्या न्हाईत. त्येचा कोयता घरातच हाय. आनि आंघोळ घालताना बघितलं, नखांत पिवळा रंग हुता. भिंतीला देतात तसला."

लाइनवर चालणारा माणूस पावसाळ्यात कोयत्याशिवाय घराबाहेर पाय टाकत नाही. वाटेवर झाडोरा माजलेला असतो, तो तोडतच जावं लागतं. म्हणजे त्या दिवशी गणपती लाइनवर जायला निघालाच नव्हता.

२

तुकाराम हा दुसऱ्या जोडीतला गस्तवाला, वयानं सगळ्यांत मोठा. त्याच्या ओट्यावर जाऊन बसले. त्यानं चहा दिला आणि सारखा पावसाकडं बघत राहिला.

"भांडण कशावरून झालं?"

"मला काय ठाऊक?"

"तुकाराममामा, तुमच्या आणि त्यांच्या अंगणात कुडाची एक ओळ आहे. तिकडं कोणी शिंकलं तरी तुम्हाला कळतं."

तो हसला नाही. "गणपती म्हणत हुता, मला ते जमायचं न्हाई. धाकलू म्हणत हुता, समदे करतात, तूच लई शाणा व्हय? साहेबानं मागं तुझी काय गत केली ती इसरलास?"

ही गत मला ठाऊक होती, रामनगरभर तिची चर्चा झाली होती. मागच्या पावसाळ्यात ओढा चढला म्हणून गणपती अर्ध्या वाटेवरून परतला आणि तसं खरं खरं ऑफिसात सांगितलं. साइट मॅनेजर विनोद देसूरकरनं त्याला सगळ्यांसमोर उभं करून विचारलं, पाण्याला भितोस तर बांगड्या आणून देऊ का? मग पंधरवडाभर घरी बसवलं. त्या दिवसापासून ओढा चढल्याचं कुणीही सांगितलं नाही. ओढे चढायचे काही थांबले नव्हते.

"जमायचं न्हाई ते काय?"

तुकारामनं कप खाली ठेवला. "ते मला इचारू नको, अक्का. माझी पोरगी लग्नाची हाय."

"बरं, एवढंच सांगा. दोन दिवस डोंगरावर शोधलंत. पलीकडच्या बाजूला कोणी का गेलं नाही?"

"नकाशात जांभळीचा टावर दिसत हुता की." मग त्याच्या तोंडून असं वाक्य निघालं की मी चहा तसाच ठेवला. "दुसऱ्या कुनाचा फोन असता तर आमी इश्वास ठेवला नसता. पर गणपतीचा फोन हुता. त्यो खोटं करनारा मानूस न्हवता."

३

म्हणजे दुसऱ्यांचे फोन खोटं बोलत होते, आणि हे सगळ्यांना ठाऊक होतं.

नेत्रा कंपनीच्या ऑफिसात नकाशाच्या कॉम्प्युटरवर बसते आणि दुपारी माझ्याकडं जेवते. तिला म्हटलं, साहेब साइटवर असताना मला तुझा नकाशा एकदा दाखव. ती घाबरली, पण गणपतीनं तिला एकदा घरची मधाची बाटली आणून दिली होती. तेवढ्यावर ती तयार झाली. चांगुलपणाचे असे धागे कुठं कुठं निघतात, माणूस मेल्यावर कळतं.

पडद्यावर प्रत्येक माणसाची एक रेघ. जोडीच्या दोन रेघा.

"ही तुकाराममामांची जोडी," ती म्हणाली. दोन रेघा एकमेकींवर अशा बसल्या होत्या की एकच दिसत होती. वळण तिथं वळण, थांबा तिथं थांबा.

"का गं, हे दोघं लघवीलासुद्धा एकाच झुडपामागं जातात?"

नेत्राला हसू आलं आणि लगेच गेलं. "मला पण आधी वाटलं होतं. साहेबांना सांगितलं, तर म्हणाले जोडी घट्ट आहे, चांगलंच आहे."

"दुसऱ्या दाखव."

सगळ्या तशाच घट्ट. फक्त गणपती आणि धाकलूच्या रेघा सैल होत्या. एक पुढं, एक मागं, एक झऱ्याकडं उतरलेली, दुसरी दगडावर बसलेली. दोन जिवंत माणसं चालतात तशा. महिनोन् महिने तशा. आणि शेवटच्या सोमवारी त्याही एकमेकींवर चिकटलेल्या.

एका माणसाच्या पिशवीत दोन फोन होते. त्या सोमवारी गणपतीचा फोन पहिल्यांदाच गणपतीशिवाय डोंगर चढला होता.

"शेवट जांभळीपाशी कसा?"

"तिथं त्यांचा गस्तीचा पट्टा संपतो. तिथं गस्त बंद करायची, परतीची वाट फोन टिपत नाही."

"हे तुला दिसलं कधी?"

"सोमवारीच सांजच्याला. गणपतीदादा आले नाहीत असं साहेब म्हणाले, तेव्हा लगेच बघितलं."

"जांभळीपाशी रेंज असते?"

"छे हो! त्या डोंगरावर कुठंच नाही. फोन खाली गावात आला की मग सगळं एकदम..." तिचा हात माउसवरच थांबला.

सोमवारी संध्याकाळी फोन खाली आला होता, म्हणून तर नकाशा उमटला. आणि मंगळवारी तोच फोन वर, टॉवरखाली सापडला. फोनला पाय फुटत नाहीत. कुणीतरी तो परत वर नेऊन ठेवला होता, सगळी वाडी त्या डोंगराकडं वळावी म्हणून.

४

विनोद देसूरकर मूळचा बेळगावचा, देखणा, गोड बोलणारा. जेवताना वाढणाऱ्या बाईचं नाव घेऊन भाजीचं कौतुक करतो. मला अशा माणसांची पहिल्यापासून चीड आहे, पण त्या दिवशी मी स्वतः त्याला वाढलं.

"गणपतीचं फार वाईट झालं, शांताक्का. माझी माणसं म्हणजे माझं घर. दोन दिवस मी स्वतः डोंगरावर होतो."

"बघितलं ना लोकांनी. पलीकडच्या बाजूला का नाही गेलात?"

"कशाला जाणार? नकाशा समोर होता. आम्ही अंदाजपंचे काम करत नाही." त्यानं भाकरी मोडली. "धाकलूचं मला आश्चर्य वाटत नाही. डोकं गरम आहे त्याचं. मी वकील देतो म्हटलं, पण कंपनीचं नाव येतं."

"वीज कंपनीचे मोठे लोक आले होते म्हणे सोमवारी. ठेका वाढवून देणारे."

"हो, दोन दिवस राहून गेले. गस्तीचं काम बघून एकदम खूश. एकही दिवस खाडा नाही म्हणाले."

"राहिले कुठं?"

भाकरीचा तुकडा मधेच थांबला. "बघितलं कुठंतरी. धरणाकडं हॉटेलं काय कमी आहेत?"

तो हात धुवायला गेला तेव्हा मी त्याच्या जीपमधे जेवणाचा डबा ठेवायला गेले. मागच्या बाजूला सांडलेला रंग पुसून काढलेला होता, पण पत्र्याच्या खाचेत राहिलेला होता. पिवळा.

५

गणपती सापडला त्या ओढ्याच्या वर, चढावर, नवीन होमस्टे उभा आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बसनं गेले, आणि मग पायी. गेटवर राखणदाराची बायको सावित्री भांडी घासत होती. मी म्हटलं, माझ्या घरी रंग द्यायचाय, इथं ज्यानं दिला तो माणूस कोण?

"कुठला कुठला सांगू? रोज नवा येतो. आज ह्यो, उद्या त्यो. समदे कंपनीचे शर्ट घालून येतात नि इथं काढून ठेवतात."

मागच्या खोलीची भिंत छातीपर्यंत पिवळी होती, वर कोरी. ब्रश डब्यातच वाळून गेलेला.

"ही अर्धी का राहिली?"

"ती त्या गरीब मानसानं दिलेली. पहिल्यांदाच आला हुता. काम करता करता सारखा म्हणायचा, माझा फोन डोंगरावर चाललाय नि मी हितं. मग दुपारी मोठे पाहुणे लवकर आले. मालक धावत आले, त्येला म्हणाले, ठेव ब्रश, पाहुण्यांना दिसू नको, मागनं ओढ्याच्या वाटेनं सुट. तसा परतीला रोज जीपमधनं सोडतात. त्या दिवशी जीप पाहुण्यांसाठी हुती."

ती वाट मी बघितली. जांभ्याचा उतार, शेवाळ, खाली पाणी. घसरलेल्या माणसाला धरायला गवताशिवाय काही नाही.

"त्या रात्री किंवा दुसऱ्या दिवशी कोणी त्याला शोधायला आलं?"

"न्हाई. मालकांचा तेवढा फोन आला. त्यो गेला का इचारलं. गेला म्हटलं. मग म्हणाले, पाहुणे हायत तवर ओढ्याकडं कुणी फिरकू नका, नि कुणाला काय सांगू नका."

"सावित्री, मालक कोण तुमचा?"

ती माझ्याकडं बघतच राहिली, मला एवढंही ठाऊक नाही म्हणून. "इनोदसाहेब की. कागदावर बायकोचं नाव हाय."

६

ठाण्यातला नवा साहेब माझ्या हाताखालून गेलेला नसला तरी माझ्या हातचं जेवलेला आहे. त्यानं मला धाकलूपाशी बसू दिलं. पोरगा भिंतीला टेकून बसला होता, दाढी वाढलेली, बहिणीसारखेच रुंद डोळे.

मी त्याला काही विचारलं नाही. नुसतं सांगत गेले. कोयता घरात राहिला, कारण भावजी होमस्टेवर गेला होता. दोन्ही फोन तुझ्या पिशवीत होते. नखांतला पिवळा रंग मागच्या खोलीचा. दुपारी त्याला ओढ्याच्या वाटेनं हाकललं आणि तो पडला. संध्याकाळी फोन घेऊन तू खाली आलास तेव्हा नकाशा उमटला, आणि पहाटे तो फोन परत वर गेला.

"वर कोण गेलं, धाकलू?"

तो गुडघ्यात डोकं घालून रडला. मग बोलला.

"आमी त्येला सावड म्हणायचो. शेतात करतात न्हवं, आज तुझ्या लावणीला मी, उद्या माझ्या लावणीला तू. तसंच. आज एकानं दोघांचे फोन फिरवायचे, दुसऱ्यानं साहेबाचं काम करायचं. उद्या उलटं. साहेबानंच शिकवलं. भावजी न्हाई म्हणायचा. आयतवारी साहेब मला म्हणाला, त्येला घेऊन आलास तर ठीक, न्हाईतर दोघंबी घरी. मीच त्येच्या मागं लागलो."

"सोमवारी तो आला नाही तेव्हा?"

"साहेबाला फोन केला. म्हणाला, मी गाडी पाठवतो, मानसं पाठवतो, तिकडचं मी बघतो. तू फोन टॉवरखाली ठेव, न्हाईतर तो तुझ्याजवळ सापडला तर तुझ्यावरच येईल. मी पहाटे जाऊन ठेवला."

"आणि मग?"

"मग मंगळवारी समद्यांसंगं गेलो. हाका मारल्या." त्यानं वर बघितलं. "मला वाटलं साहेब तिकडं बघतोय. आईच्यान, मला तसंच वाटलं."

"साहेब तर तुझ्या शेजारीच डोंगरावर होता, धाकलू. तुला दिसत होता."

मला त्याची कीव आली आणि संतापही आला. खून झालाच नव्हता. एक माणूस ओढ्यात पाय मोडून पडला होता, आणि गाव दोन दिवस चुकीच्या डोंगरावर त्याचं नाव ओरडत होतं. एका माणसाला आपली भिंत कोण रंगवतंय ते पाहुण्यांना दिसू द्यायचं नव्हतं. दुसऱ्यांना आपले फोन उघडे पाडायचे नव्हते. तुकारामनं तोंड उघडलं असतं, की फोनवर जाऊ नका, आमच्याकडं फोन एकटेच हिंडतात, तर कुणीतरी पलीकडं उतरलंच असतं. पण प्रत्येकाला वाटलं आपलं खोटं तेवढं लपवू, गणपतीचं तर खरंच असणार. एका प्रामाणिक माणसाच्या नावावर सगळ्यांनी विश्वास टाकला, आणि त्यानंच तो मेला.

७

धाकलू सुटला. विनोद देसूरकरला धरलं, आणि जामीनही मिळाला. कंपनीनं त्याला दुसऱ्या साइटवर पाठवलं, तिथं तो आता जास्त मोठा पट्टा सांभाळतो असं ऐकते. ठेका वाढला. नेत्राला मात्र ऑफिसची माहिती बाहेर दिली म्हणून घरी बसवलं, ती माझ्याकडं भाकऱ्या भाजते आणि दुसरी नोकरी शोधते. तुकाराम हल्ली मला रस्त्यात भेटला तर चप्पल बघत जातो.

बाळीला मी सगळं सांगितलं. लपवायचा विचार मनात आला होता, खोटं कशाला सांगू. तिनं भाऊ मागितला होता, तो मी तिला देत होते, तर सोबत काय येतंय हे तिला कळायला हवंच होतं. ती ऐकत राहिली. शेवटी एकच म्हणाली, "बुधवारी पाऊस थांबला हुता. तवा तो जिता हुता काय गं?"

मी म्हटलं, असावा.

गणपतीचे दिवस झाल्यावर तिच्या शेतात लावणी ठरली. रोप वाढून गेलं होतं, आता थांबून चालणार नव्हतं. वाडीतली सगळी माणसं सावडीला आली, तुकारामसुद्धा. मीही गेले, चिखलात उतरायचं वय नाही म्हणून बांधावर चहा घेऊन बसले. बायका ओळीनं वाकल्या होत्या. तेवढ्यात धाकलू आला. त्यानं रोपाची मूठ उचलली, बाळीच्या शेजारची ओळ धरली आणि लावू लागला.

"बाय," तो हळूच म्हणाला. "बाय, एकदा शिव्या तरी घाल."

बाळीनं मान वर केली नाही. तिनं आपली ओळ सोडली आणि त्याच्या मागं येऊन वाकली. त्यानं नीटच लावलेलं पहिलं रोप उपटलं, मुळं पाण्यात धुतली, आणि त्याच जागी परत लावलं. मग दुसरं. मग तिसरं. तो पुढं लावत गेला, ती मागून उपटून लावत आली, बांधापर्यंत.